खाऱ्या पाण्याचे ठिपके

कॉलेजात नाव घातलं त्या वर्षी अमरावतीत मी जिथं राहत होतो ती जागा मोटारीची होती. वकीलसाहेबांच्या बंगल्यामागं टिनाचं एक शेड होतं. त्यात मोटार उभी असे, आणि मोटार नि भिंत यांच्यामध्ये जी पट्टी उरे तिच्यात माझी वळकटी, पत्र्याची पेटी आणि पुस्तकं.

आम्ही बाळापूरकडचे, माळी. बाबा नदीकाठच्या तुकड्यात पालक, वांगी आणि झेंडू लावत आणि बैलगाडीनं अकोल्याच्या बाजारात नेऊन विकत. घरात मॅट्रिक झालेला मी पहिला. कॉलेज म्हणजे नेमकं काय हे मलाही ठाऊक नव्हतं, बाबांना कुठून असणार? वकीलसाहेब आमच्याच भागातले मोठे शेतकरी. शेतकरी-माळ्यांच्या मुलांनी शिकावं, असं ते सभांतून कळकळीनं सांगत. कौन्सिलच्या निवडणुकीत आमच्या गावी आले तेव्हा त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "पोराले अमरावतीले आणजो. माह्या घरी राहीन." बाबांनी ते शब्द जपून ठेवले. जूनमध्ये डोक्यावर वांग्यांची टोपली घेऊन ते माझ्यासोबत बंगल्याच्या फाटकाशी उभे राहिले.

साहेबांनी शब्द पाळला, हे लिहिलं पाहिजे. दोन्ही वेळचं जेवण मिळे, स्वयंपाकघराच्या मागच्या दारी का होईना. त्याबद्दल काही मागितलं नाही. एवढंच म्हणाले, "सकाळी मोटारीवरून एक फडकं मारत जा. घरचीच आहे."

आणि एक नियम सांगितला. शेडमध्ये दिवा लावायचा नाही. कंदील नाही, चिमणी नाही, काडीसुद्धा ओढायची नाही. कोपऱ्यात पेट्रोलचे डबे होते, फळीवर टर्पेंटाइन होतं. नियम अगदी बरोबर होता, आणि म्हणूनच त्याच्याविरुद्ध बोलायला मला तोंड नव्हतं.

दिवसा कॉलेज. संध्याकाळी परत यावं तर मोटार कोर्टातून किंवा दौऱ्यावरून आलेली असे आणि चिखल वाळायच्या आत ती धुवावी लागे. ती होईपर्यंत उजेड संपे. बंगल्याच्या ओट्यावर विजेचा दिवा होता, पण तिथं पक्षकार बसत, आणि ते उठले की दिवा मालवून दार लावलं जाई. मी एकदा धीर करून साहेबांना म्हटलं, "गणित मागं पडतंय." त्यांनी रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून मोठ्या झालेल्या माणसांच्या गोष्टी मला सांगितल्या. आमच्या बोळाच्या टोकाला एक दिवा होता खरा. त्याच्याखाली पानठेला होता आणि तिथं रोज पत्त्यांचा डाव बसे. मी पुस्तक घेऊन उभा राहिलो की डावातले लोक म्हणत, "पहा बाप्पा, बॅरिस्टर आले. सरका, सरका." आणि कोणी सरकत नसे.

मोटार पुसणं मी शिकलो ते दुसरं काही जमत नव्हतं म्हणून असेल. मोटार गर्द काळी होती, टपाची, बॉनेट लांब. काळ्या रंगावर सगळं दिसतं. पहिल्या आठवड्यात मी कोरड्या फडक्यानं धूळ पुसली आणि उन्हात पाहिलं तर बॉनेटभर बारीक ओरखडे, कोळ्याच्या जाळ्यासारखे. ड्रायव्हरनं ते पाहिले. तो जुना माणूस होता, अमरावतीचाच, अर्धं हिंदी अर्धं वऱ्हाडी बोलायचा आणि मला नावानं कधी हाक मारायचा नाही. म्हणाला, "ए कॉलेज, धूल पोंछून राहिला का घासून राहिला? पहले पानी सोड, मग हात लाव. तुमच्या कॉलेजात एवढं बी नाही शिकवत का?"

त्यानं तेवढंच सांगितलं. स्वतः तो पुसायला हात लावत नसे. गाडी हाकणारा आणि गाडी पुसणारा यांत त्याच्या लेखी मोठा फरक होता, आणि मी आल्यापासून तो फरक त्याला राखता येऊ लागला होता.

पुढचं मी करत करत शिकलो. काळ्या मातीची धूळ बारीक दिसते, पण तिच्यात कचकच असते. आधी वरून पाणी ओतायचं, भिजू द्यायचं, मग जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं न दाबता ओढून घ्यायचं. गोलगोल फिरवायचं नाही, बैलाच्या अंगावरून खरारा करतात तसं एकाच अंगानं जायचं. कापसानं पुसायचं तर सरकी आणि पानाचा चुरा बोटांनी निवडून काढायचा, नाही तर एक कवडी, किडक्या बोंडाचा कडक तुकडा, सबंध दरवाजावर रेघ ओढते. शेडवर कडुनिंब होता. पाखरांची घाण दुपारपर्यंत राहिली की रंगात डाग धरी, म्हणून कॉलेजला जायच्या आधी मी मोटारीवर जुन्या धोतरांची शिवलेली खोळ घालायचो. खोळीखाली धूळ असली तर वाऱ्यानं खोळ हलून तीच धूळ रंग घासते, हेही एकदा नुकसान झाल्यावर कळलं.

बाजारातलं पॉलिश महाग होतं. मेळघाटातून मधाबरोबर मेण येई. ते किसून मी डब्यात टर्पेंटाइनमध्ये घालायचो. विस्तवावर वितळवायची सोय नव्हती, म्हणून डबा सकाळी टिनाच्या छपरावर ठेवायचा. वऱ्हाडातलं ऊन आहे, दुपारपर्यंत मेण पार विरघळून जाई. त्यात थोडं जवसाचं तेल. हे मलम सावलीत, थंड रंगावर, अगदी पातळ लावायचं, धुरकट झालं की कोरड्या कापडानं पुसून काढायचं. असं काही दिवस केलं आणि मोटारीच्या बॉनेटमध्ये कडुनिंबाची पानं दिसू लागली. पावसाचं पाणी तिच्यावरून थेंबाथेंबानं पळून जाई.

साहेब कोर्टात निघताना बॉनेटवर वाकून फेटा नीट करू लागले. आत आरसा होता, पण ते बॉनेटमध्येच पाहत. एक दिवस म्हणाले, "वा." मला त्या शब्दाचा आनंद झाला होता. त्याच दिवशी कॉलेजात गणिताच्या पेपरवर प्रोफेसरांनी काय लिहिलं होतं ते मी इथं सांगत नाही. संध्याकाळी बंगल्याच्या माडीवर दिवा लागे आणि खिडकीतून त्याचा उजेड शेडच्या उघड्या दारातून बॉनेटवर पडे. काळ्या रंगात ती खिडकी गजांसकट दिसे. मी पुस्तक तिच्याजवळ धरून पाहिलं आहे. उजेड दिसतो, अक्षर दिसत नाही.

दसऱ्याच्या सुमाराला कळलं की शेतकरी मुलांसाठी अमरावतीत जे बोर्डिंग आहे त्यात दिवाळीनंतर एक जागा रिकामी होणार. बोर्डिंग चालवणाऱ्या मंडळाची बैठक अकोल्याला होती आणि साहेब त्या मंडळावर होते. बोर्डिंगात प्रत्येक खोलीत कंदील मिळे. बाकी तिथलं जेवण कसं, मुलं कशी, याची मी चौकशीही केली नाही. अर्ज लिहून साहेबांपुढं उभा राहिलो. त्यांनी तो वाचला, अक्षर चांगलं आहे म्हणाले, आणि मग म्हणाले, "तुझं नाव मीच मांडतो. तू पण चल अकोल्याला. समोर असलास तर बरं. आणि हो, दुपारी पाहुण्यांना मोटारीतून गावात फिरवायचं आहे. मोटार तशी दिसली पाहिजे."

मी घरी कार्ड टाकलं, की अकोल्याला येतो आहे, बोर्डिंगचं ठरेल. दिव्याबद्दल घरी कधी काही कळवलं नव्हतं. बाबा म्हणाले असते, परत ये.

निघायच्या आदल्या दोन दिवसांत मी मोटारीवर जेवढं करता येईल तेवढं केलं. सकाळी निघालो. साहेब मागं, मी ड्रायव्हरच्या बाजूला, पायाशी कापडं, मेणाची डबी आणि अमरावतीच्या विहिरीचं गोडं पाणी भरलेला डबा. अकोल्याकडं पाणी खारं, ते रेडिएटरमध्ये घातलं की आत खार धरतो, म्हणून ड्रायव्हर हा डबा नेहमी बरोबर घ्यायचा. बडनेऱ्यापुढं रस्ता कापसाच्या गाड्यांनी भरलेला होता आणि धुळीनं पुढचं दिसत नव्हतं. मूर्तिजापूरला छोट्या रुळांच्या आगगाडीसाठी फाटक बंद होतं, तेवढ्यात मी उतरून काच आणि बॉनेट धुवून घेतलं. मागून साहेब म्हणाले, "राहू दे रे, दमशील." ते आपलं भाषण जुळवत होते. ड्रायव्हर हळूच म्हणाला, "बोर्डिंगमधी गेला तर मग ही कोण पोंछीन, कॉलेज? मी?" मी हसलो. तो हसत नव्हता.

अकोल्याला सभेच्या जागेपुढं मोकळं मैदान होतं. सावलीच्या जागा टांग्यांनी धरलेल्या, त्यामुळं मोटार उन्हात उभी राहिली. दसऱ्यानंतरचं ऊन, पत्र्याला हात लावू नये असं. मी पुन्हा एकदा सगळी मोटार पुसून काढली, टपावरची धूळ झटकली, आणि साहेबांची कागदांची पिशवी घेऊन आत गेलो. आत बराच वेळ उभं राहावं लागलं. माणसं येत होती, नमस्कार होत होते. साहेबांनी एकदोघांना माझ्याकडं बोट दाखवून काही सांगितलं, ते माझ्याकडं पाहून मान डोलवत होते. मला वाटलं, झालं.

बाहेर आलो तर मोटारीपाशी बाबा उभे होते.

गावाहून पहाटे गाडी जुंपून निघाले असावेत. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला मुंडासं. पायाशी टोपली, तिच्यात पालक, वांगी, लिंबं, वर ओलं पोतं. बॉनेटवर झेंडूचा जाड हार आडवा घातलेला, त्याच्यातून पाणी निथळत होतं. आणि बाबांच्या हातात पाण्याचं डबडं होतं. ओंजळीत पाणी घेऊन, बोटं झटकून, ते मोटारीवर शिंपडत होते, बाजारात पालकाच्या जुड्यांवर शिंपडतात तसं. माल उन्हात मलूल पडू नये, गिऱ्हाईक यायच्या वेळेला ताजा दिसावा, म्हणून जन्मभर जे केलं तेच ते साहेबांच्या मोटारीला करत होते.

"आला का बापू," मला पाहून ते म्हणाले. "पाह्य, कशी ताजी दिसून राह्यली. उन्हानं पार सुकली होती लेका. म्या म्हटलं, साहेब बाहीर येतीन तर बरी दिसाले पायजे."

पाणी आमच्या विहिरीचं होतं. आमचा सगळा पट्टा खारपाणाचा. पालक, वांगी, झेंडू या पाण्यावर तग धरतात, म्हणूनच बाबा ती लावत. तापलेल्या पत्र्यावर ते पाणी पडताक्षणी वाळत होतं आणि वाळेल तिथं पांढरा ठिपका उरत होता. बॉनेटवर, मडगार्डवर, दरवाजांवर, पुढच्या दिव्यांवर. काळी मोटार देवी आलेल्या माणसासारखी दिसत होती. हाराखाली पिवळं पाणी जमलं होतं.

मी काही बोलायच्या आत साहेब बाहेर आले, मंडळातले लोक बरोबर. साहेब थांबले. त्यांनी मोटारीकडं पाहिलं, मग बाबांकडं. बाबांनी वाकून रामराम घातला.

साहेब रागावले नाहीत. ते कधीच चारचौघांत रागावत नसत. सभेत बोलत तशा वऱ्हाडीत म्हणाले, "काय हो माळीबुवा, मोटार हाय ते, मेथी नोहे. जुड्या बांधून विकता का आता?"

सगळे हसले. एक जण म्हणाला, "भाव काय लावला बुवा?" पुन्हा हसणं झालं. बाबाही हसले. आपल्याशी साहेब थट्टा करतात, चारचौघांत, म्हणजे आपल्याला ओळखतात, असं त्यांना वाटलं असावं. ते हसत होते ते मला अजून दिसतं.

लोक पुढं गेल्यावर साहेब माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात, शुद्ध बोलत म्हणाले, "जेवणं आटोपली की पाहुणे इकडं येतील. तोपर्यंत काय करायचं ते कर. बोर्डिंगचा विषय त्यानंतरच आहे."

धमकी होती की नाही, मला आजही सांगता येत नाही.

मी हार उचलला. बाबांनी विचारलं, "काहून काढतो? राहू दे ना."

"डाग पडतो, बाबा."

त्यांनी वाकून एका ठिपक्यावर बोट ओढलं, बोट जिभेला लावलं. "मीठ," म्हणाले, आणि डबडं खाली ठेवलं.

नुसत्या पाण्यानं तो खार निघत नाही, आणि कोरडा घासला तर रंग घेऊन निघतो. बाबांच्या टोपलीत लिंबं होती. मी ड्रायव्हरकडं गोड्या पाण्याचा डबा मागितला.

"वा रे कॉलेज. रेडिएटर काय तुझ्या बापाच्या विहिरीवर नेऊ?" तो म्हणाला. बाबा जवळच उभे होते, हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं. मग त्यानं डबा स्वतःच आणून ठेवला. "थोडं ठेव परतायले. बस."

ऊन ही खरी अडचण होती. तापलेल्या पत्र्यावर लिंबाचं पाणी टाकलं तर तेही वाळून डाग धरणार. मी इकडंतिकडं पाहिलं. बाबांनी डोक्याचं मुंडासं सोडलं. ते आठ-दहा हातांचं पातळ कापड दोन्ही हातांत ताणून त्यांनी बॉनेटवर सावली धरली. मी जिथं सरकेन तिथं तेही सरकत. आधी गोडं पाणी, पत्रा निवेपर्यंत. मग पाण्यात लिंबाचे थेंब, कापड बुडवून एकेका ठिपक्यावर ठेवायचं, विरघळला की लगेच गोड्या पाण्यानं धुवायचं, मऊ कापडानं टिपायचं. मग मेण. बाबांनी हात एकदाही खाली घेतले नाहीत. उघड्या डोक्यावर ऊन होतं. चारचौघांत बोडक्या डोक्यानं उभं राहिलेलं मी त्यांना याआधी फक्त आजोबा गेले तेव्हा पाहिलं होतं.

एकदाच ते म्हणाले, "तू हे रोज करतं?"

"हो."

"चांगलं करतं," ते म्हणाले.

जेवणं आटोपून लोक बाहेर आले तेव्हा मोटार सकाळपेक्षा चांगली दिसत होती. हे मी फुशारकीनं सांगत नाही, तसं झालं नसतं तर बरं झालं असतं. साहेबांनी चहूबाजूंनी फिरून पाहिली. मघाशी भाव विचारणारे गृहस्थ बॉनेटमध्ये आपला चेहरा बघत म्हणाले, "वकीलसाहेब, ही करामत कोणाची? आमच्या गाडीवर तर दोन पावसाळ्यांत पोपडे आले."

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. निवडणुकीत बाबांच्या खांद्यावर ठेवला होता तसाच. "आमचा पोरगा आहे. इंटरला शिकतो."

"हाच का तो बोर्डिंगच्या अर्जातला?"

साहेबांचा हात अजून माझ्या खांद्यावर होता आणि नजर बॉनेटवर होती. मग म्हणाले, "अर्ज आहे त्याचा. पण मी विचार केला, याची सोय तर माझ्याकडे आहेच. जेवण आहे, डोक्यावर छप्पर आहे. ज्याला तेही नाही अशा एखाद्या गरजूला ती जागा द्यावी. आपलं माणूस म्हणून जागा अडवणं बरं नाही."

"वा," कोणीतरी म्हणालं. "याला म्हणतात मन."

बाबांनी मुंडासं हातातच असताना हात जोडले.

मी बोलायला भितो, हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी मी बोललो. म्हटलं, "साहेब, तिथं दिवा लावता येत नाही."

सगळे माझ्याकडं पाहू लागले. "काहून?" एकानं विचारलं.

"पेट्रोल असतं ना शेडमध्ये," साहेब शांतपणे म्हणाले. "नियम आहे. याच्याच जिवासाठी."

"हां, ते तर बरोबरच आहे," विचारणारे गृहस्थ म्हणाले. आणि मग दुसऱ्या एकानं रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकलेल्या थोर माणसांची गोष्ट सांगायला सुरुवात केली. ती तीच गोष्ट होती. सांगता सांगता ते मोटारीत बसले. पाहुण्यांनी दार धरलं तिथं बोटांचे ठसे उमटले, ते मी पुसले. मोटार मैदानाबाहेर गेली.

बाबा आणि मी तिथंच राहिलो. बाबांनी मुंडासं झटकलं. बॉनेटला टेकून ओलं झालं होतं, झेंडूच्या पाण्यानं पिवळं झालं होतं. तसंच डोक्याला गुंडाळत त्यांनी विचारलं, "दिवा नाही लावू देत?"

"नाही."

"मंग वाचतं कसा?"

त्यांनी टोपलीतला पालक चाचपला, उगाच. साहेबांसाठी आणलेली भाजी तशीच राहिली होती. आमची बैलगाडी मैदानाच्या कडेला सोडून ठेवली होती. तिच्याकडं ते चालू लागले, मीही त्यांच्याबरोबर तेवढ्यापुरता. बैल जुंपून झाल्यावर, कासरा हातात घेऊन, माझ्याकडं न पाहता ते म्हणाले, "मले समजलं असतं तर म्या पाणी पुसू नसतं देलं तुले. तसंच राहू द्याचं होतं, बापू. मंग त्यानं तुले सोडलं असतं."

गाडी बाळापूरच्या रस्त्याला लागली. ते घरी परत चल म्हणाले नाहीत. याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं.

परतीच्या वाटेवर अंधार पडला तेव्हा ड्रायव्हरनं मोटारीचे दोन्ही दिवे लावले. रस्ता लांबपर्यंत दिसत होता, बाजूची कपाशीची पऱ्हाटी, एखाद्या बैलाचे डोळे. साहेब मागं झोपले होते. बडनेऱ्याला ड्रायव्हरनं वेग कमी केला. मग म्हणाला, "कॉलेज, तुझं काम वाईट असतं ना, तर तू आज बोर्डिंगमधी असता." बाबा जे बोलले तेच तो बोलत होता, फक्त त्याला ते आधीपासून माहीत होतं.

जागा कोणाला मिळाली ते पुढं कळलं. तो मुलगा चांगला होता, गरजूही होता. त्याच्याबद्दल मनात काही धरावं असं त्याच्यात काहीच नव्हतं, आणि त्याचंही मला त्या वर्षी वाईट वाटत असे. वार्षिक परीक्षेत मी गणितात राहिलो. साहेब म्हणाले, "हरकत नाही, पुन्हा बस. जागा तर आहेच." पुढचं वर्षही मी त्याच शेडमध्ये काढलं. आता वेगळी खोली आहे, शिकवण्या करून भाडं भरतो, कंदील आहे. हे त्याच्याच उजेडात लिहीत आहे.

अकोल्याहून आल्यावर दुसऱ्या सकाळी मी मोटारीवरची धूळ धुतली तेव्हा उजव्या बाजूच्या पुढच्या दिव्यामागं, मडगार्डच्या खोबणीत, एक पांढरा ठिपका राहून गेलेला दिसला. लिंबाचं पाणी हाताशी होतं, फडकं हातात होतं. मी तो तसाच ठेवला. बाबांचं ऐकायचं ठरवलं होतं म्हणा. मग डाव्या बाजूकडं वळलो, आणि तिथं मात्र हात आपोआप चालत राहिला. दारं, टप, बॉनेट, सगळं झालं. वाईट पुसायला बसलो तरी मला ते जमेना.

तो एक ठिपका मी नंतरही काढला नाही. महिन्याभरात त्यानं रंग खाल्ला, खाली लालसर पत्रा दिसू लागला, पावसाळ्यात तिथं गंज धरला. मी रोज पाहत होतो. साहेबांना तो कधी दिसला नाही. ते रोज सकाळी बॉनेटच्या मधोमध वाकत, जिथं त्यांचा फेटा नीट दिसे.